हौशी रेसिंग कारसाठी हलका क्लच कसा निवडावा

गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट हातात घेतली, की गेल्या दोन शर्यतींत ड्रायव्हरने काय काय केलं ते सगळं तिच्यावर दिसतं. माझ्या पहिल्या रेसिंग क्लचची प्लेट कोइमतूरहून परत आल्यावर अशीच गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली धरली होती. कडा काळपट, मधला भाग काचेसारखा चकचकीत, आणि तिला दाबून धरणाऱ्या समोरच्या प्रेशर प्लेटवर नाण्याएवढे निळे डाग. जळक्या अस्तराचा वास दोन दिवस हाताला येत राहिला. मला परवडणाऱ्या क्लचमधला तो सगळ्यात हलका होता आणि तेवढ्याच कारणासाठी मी तो घेतला होता. तिथल्या करी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर एका शनिवार-रविवारात, सराव धरून सहा-सात स्टार्टमध्ये तो संपला.

तेव्हापासून नवीन येणाऱ्यांना मी एकच क्रम सांगतो: आधी पकड, मग उष्णता, मग वजन. आणि वजनाकडे आलात, की ते किती कमी झालं याच्याआधी कुठून कमी झालं हे विचारा.

उदाहरणासाठी मारुती एस्टीम घेऊ. १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे ११० न्यूटन-मीटर, क्लच केबलचा. आपल्याकडच्या हौशी रेसिंगमध्ये ही गाडी वर्षानुवर्षं पळाली आहे आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक अजून मिळतात. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

नियम वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका

तुमच्या क्लासचे तांत्रिक नियम छापून घ्या आणि त्यात ‘क्लच’ व ‘फ्लायव्हील’ (इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) हे दोन्ही शब्द वेगवेगळे शोधा. नवीन माणूस इथेच फसतो. क्लच प्लेटचं मटेरियल मोकळं असतं, पण फ्लायव्हील कंपनीचंच हवं किंवा त्याचं किमान वजन ठरलेलं असतं, असं होऊ शकतं. प्रॉडक्शन गाड्यांच्या क्लासमध्ये साधारण धोरण असं असतं, की ज्याची परवानगी लिहिलेली नाही ते करायचं नाही. ‘मनाई कुठे लिहिली आहे?’ हा युक्तिवाद स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, चालत नाही. शंका असेल तर आयोजकांच्या तांत्रिक अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर गाडीच्या फाईलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलच्या कप स्पर्धेत उतरत असाल तर बहुतेक वेळा हा विषय तिथेच संपतो.

पकडीचं गणित

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचा घर्षणांक, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. चारही गुणले की उत्तर. एका प्लेटला दोन बाजू असतात, म्हणून सिंगल प्लेटला संख्या २.

समजा दाब ४००० न्यूटन आहे, म्हणजे अंदाजे ४०० किलोचा भार. घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या ८ सेंटीमीटर. गुणाकार येतो १९२ न्यूटन-मीटर. इंजिन देतं ११०. म्हणजे पावणेदोनपट पकड हाताशी आहे. आता तीच प्लेट तापली आणि घर्षणांक ०.२ वर घसरला असं धरा. उत्तर १२८ वर येतं आणि मोकळीक जेमतेम राहते. म्हणून थंड क्लचची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या निदान दीडपट असावी असं मी धरतो.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, थोडीफार ट्यून केलेल्या एस्टीमला ‘दुप्पट पकड’वाल्या क्लचची गरज नाही. दोन, व्यास कमी केला की त्रिज्या घटते, आणि ती तूट दाब, घर्षणांक किंवा प्लेटची संख्या वाढवून भरावी लागते. एपी रेसिंग, टिल्टन यांच्यासारखे कारखाने १८४ आणि १४० मिलिमीटरचे रेसिंग क्लच बनवतात. १४० मिलिमीटरच्या क्लचची सरासरी त्रिज्या ६ सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणून त्यात सहसा दोन प्लेट असतात, घासणाऱ्या बाजू ४. पकड भरपूर मिळते आणि वजनही कमी. पण त्याला वेगळं फ्लायव्हील लागतं, वेगळं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला ढकलून क्लच सोडवणारं) लागतं, बहुधा हायड्रॉलिक यंत्रणाही लागते, आणि खर्च पहिल्या हंगामाच्या टायरांच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. टायर घ्या.

दाब वाढवून पकड मिळवायची तर पायाला किंमत मोजावी लागते. केबल ताणते, पेडलचा ब्रॅकेट वाकतो, आणि एक परिणाम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: पेडल दाबलेलं असताना रिलीज बेअरिंगचा सगळा जोर थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकतीवर जातो. ग्रिडवर दिव्यांकडे बघत पहिला गिअर टाकून बसलेले ते पंधरा-वीस सेकंद इंजिनाच्या पोटात मोजले जात असतात. मूळ दाबापेक्षा वीस-तीस टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरते. त्याच्यापुढे जायचं सबळ कारण हवं.

उष्णता: माझा क्लच कशाने मेला

उभ्या गाडीपासून सुरू होणाऱ्या शर्यतीत क्लचची खरी परीक्षा पहिल्या तीन सेकंदांत होते. ड्रायव्हरसह ९०० किलोची गाडी क्लच घसरवत ताशी ४० किलोमीटरपर्यंत नेली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ती होते सुमारे ५५ किलोज्यूल. एस्टीमच्या पहिल्या गिअरला इंजिन ५३०० आरपीएमच्या आसपास धरून ठेवलं, तर ४० च्या वेगाला क्लच पूर्ण जुळतो, म्हणजे हे उदाहरण हवेतलं नाही.

ही उष्णता ८ किलो लोखंडात पसरली तर त्याचं सरासरी तापमान साधारण १५ अंशांनी वाढेल. ३ किलोत पसरली तर सुमारे ४० अंशांनी. आणि ही झाली सरासरी. घासणारा पृष्ठभाग त्या क्षणी याच्या कितीतरी वर असतो. लागोपाठ चार सराव-स्टार्ट मारले, मधे थंड व्हायला वेळ दिला नाही, की हलक्या क्लचमध्ये उष्णतेला जायला जागाच उरत नाही. मी नेमकं हेच केलं होतं: पिट लेनच्या टोकाला पाच मिनिटांत चार स्टार्ट, ‘हात बसावा’ म्हणून.

म्हणून स्वतःला विचारा: माझी शर्यत उभ्या स्टार्टची आहे की रोलिंग, म्हणजे चालत्या गाड्यांनी सुरू होणारी? वीकेंडला किती शर्यती आहेत? मी अजून स्टार्ट शिकतो आहे का? उभे स्टार्ट आणि शिकाऊ पाय असतील तर पहिल्या वर्षी फ्लायव्हीलवर थोडं जास्त लोखंड असू द्या.

प्लेट कुठली घ्यावी

ऑरगॅनिक अस्तराची, मधे स्प्रिंग असलेली प्लेट हळूवार जुळते, हाफ क्लच सहन करते, पण फार तापली की चकाकते आणि मग पकड परत येत नाही. सेरामेटॅलिक तुकड्यांची म्हणजे पॅडलवाली प्लेट उष्णता खूप जास्त सोसते, घर्षणांकही जास्त, पण ती धरते तेव्हा झटक्याने धरते. चार तुकड्यांची प्लेट सहा तुकड्यांच्या प्लेटपेक्षा हलकी आणि अधिक झटकेदार. मधे स्प्रिंग नसलेली सॉलिड प्लेट सगळ्यात हलकी, मात्र इंजिनाचे सगळे हादरे थेट गिअरबॉक्सच्या दातांवर आणि पुढे ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर जातात.

पहिल्या हंगामासाठी माझं मत स्पष्ट आहे: मूळ व्यासाची, स्प्रिंगवाली, चांगल्या दर्जाची ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी जास्त दाबाची प्रेशर प्लेट. ती जळाली तर आधी पाय सुधारा. पाय सुधारूनही जळाली तर सहा तुकड्यांच्या स्प्रिंगवाल्या प्लेटकडे वळा. गाडी ट्रॅकपर्यंत स्वतः चालवत नेत असाल, तर पॅडल प्लेटचा विचारही नको. खंबाटकी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तिला खेळवत नेणं गाडीलाही त्रासाचं आणि मागच्यालाही.

वजन: किती नव्हे, कुठे

आता ज्यासाठी तुम्ही हा लेख उघडला तिथे येऊ. फिरणाऱ्या भागाचा जडपणा वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केंद्रापासून १० सेंटीमीटरवरून २ किलो काढले, तर तेच २ किलो ५ सेंटीमीटरवरून काढण्यापेक्षा चौपट फायदा होतो. म्हणून ‘अमुक किलोचं फ्लायव्हील’ एवढ्या माहितीवर काही ठरत नाही. त्याचा परीघ जाड आहे की पातळ, ते हातात घेऊन बघा.

आता हा फायदा गाडीच्या वजनाच्या भाषेत मांडू. १० सेंटीमीटरवरून २ किलो काढले, चाकाची त्रिज्या २८ सेंटीमीटर, फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर ४.१, आणि पहिल्या चार गिअरची गुणोत्तरं अंदाजे ३.४, १.९, १.३ आणि ०.९. वेग घेताना गाडी जणू इतकी हलकी भासते: पहिल्या गिअरला सुमारे ५० किलो, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला ७, चौथ्याला साडेतीन.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. शर्यतीत पहिला गिअर स्टार्टलाच लागतो. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, आखूड वळणांचा. तिथे दुसऱ्या-तिसऱ्यात बराच वेळ जातो, म्हणून हलकं फ्लायव्हील जाणवतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, तिथे फायदा कमी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, लांबच लांब सरळ रस्त्यावर चौथ्या-पाचव्यात पळताना तो जवळजवळ दिसणारच नाही. मागची सीट, जाजमं, स्टेपनी काढून वाचलेले ३० किलो मात्र प्रत्येक गिअरमध्ये, ब्रेकिंगला आणि वळणावरही वाचलेलेच असतात. नियमात बसत असेल तर आधी ते काढा.

वजनाची आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते हौशी ड्रायव्हरसाठी तीच जास्त महत्त्वाची. क्लचचं वजन दोन घरांत वाटलेलं असतं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या घरी राहतात. मधली प्लेट राहते गिअरबॉक्सच्या घरी. पेडल दाबल्यावर इंजिन सुटतं, पण प्लेट इनपुट शाफ्टला धरून फिरतच राहते. वरचा गिअर टाकताना तिला मंद करण्याचं आणि खालचा टाकताना वेग देण्याचं काम बिचाऱ्या सिंक्रोनायझर रिंगला करावं लागतं. म्हणजे फ्लायव्हील कितीही हलकं केलं तरी गिअर टाकणं सोपं होत नाही. ते सोपं होतं प्लेट हलकी केल्यावर. अनेकांनी जड स्प्रिंग-हबची, दणकट दिसणारी प्लेट टाकली आणि मग दुसऱ्या गिअरला करकर येते म्हणून गिअरबॉक्स उघडला, हे मी पाहिलं आहे. दुकानात दोन प्लेट समोर असतील आणि पकड सारखी असेल, तर वजनकाटा तिथे वापरा. दीड किलोच्या प्लेटऐवजी एक किलोची मिळाली तर सिंक्रो रिंग जास्त आनंदाने चालतील.

हलक्या फ्लायव्हीलने गाडी चालवण्याची सवयही बदलते. थ्रॉटल सोडला की आरपीएम धाडकन पडतात. गिअर बदलायला तुम्ही अर्धा सेकंद घेत असाल, तर तोवर ते पार खाली गेलेले असतात आणि क्लच सोडताच गाडीला हिसका बसतो. ब्रेक मारता मारता टाचेने थ्रॉटल देऊन खालचा गिअर टाकताना छोटी, नेमकी टिचकी पुरते. ओल्या ट्रॅकवर चूक झाली तर पुढची चाकं क्षणभर अडकतात. एक पूर्ण दिवस सराव केल्याशिवाय नव्या फ्लायव्हीलने शर्यतीत उतरू नका.

मूळ फ्लायव्हील लेथवर लावण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. शिरोली, भोसरी, वाळूजकडे लेथची कमतरता नाही, आणि हजार-दोन हजारांत फ्लायव्हील ‘हलकं करून’ देणारे मिळतात. माझंही एकाने करून दिलं होतं. मागची बाजू खोलवर कापताना त्याने आतल्या कोपऱ्यात तीक्ष्ण पायरी सोडली. माझ्या नशिबाने शिरोलीतल्या एका वयस्क टर्नरकाकांना ते दाखवायला नेलं. त्यांनी पायरीवरून नख फिरवलं, फ्लायव्हील बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “दादा, हे गाडीत घालू नका. इथनंच तडकणार.” ते आज माझ्या गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून आहे.

कारण असं: बहुतेक मूळ फ्लायव्हील बिडाचं असतं. बीड दाबाला भक्कम, ताणाला कमकुवत. फिरताना परीघ बाहेर फाकू पाहतो आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ७५०० वर गेलात तर ताण दीडपटीहून जास्त होतो. त्यात पातळ केलेलं बीड, तापल्याने पडलेल्या केसाएवढ्या भेगा, वर ती तीक्ष्ण पायरी. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, फोडून बाहेर येतं, आणि ड्रायव्हरचे पाय तिथून हातभर अंतरावर असतात.

माझा सल्ला: बीड असेल तर लेथवर फक्त घासणारा पृष्ठभाग सपाट करून घ्या. खरंच हलकं हवं असेल तर फोर्ज केलेल्या किंवा सलग पोलादी ठोकळ्यातून कापलेलं फ्लायव्हील घ्या. अॅल्युमिनियमचं त्याहून हलकं येतं, पण त्याच्या तोंडाला बदलता येणारी पोलादी चकती असलीच पाहिजे. विकणाऱ्याने ते किती आरपीएमपर्यंत तपासलं आहे हे लेखी दिलं नाही, तर घेऊ नका. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बसवून डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल साधणं) करून घ्या आणि दोन्हीवर जुळणीची खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी तशीच बसेल. काही गाड्यांत क्रँक सेन्सरचे दात फ्लायव्हीलवरच असतात. नव्यावर ते नसतील तर इंजिन सुरूच होणार नाही.

पैसे देण्याआधी घ्यायची मापं

जुना क्लच बाहेर काढून समोर ठेवा आणि व्हर्निअर हातात घ्या. इनपुट शाफ्टचा व्यास आणि त्याच्यावरच्या स्प्लाइनचे, म्हणजे उभ्या खाचांचे, दात मोजा. एक दात इकडेतिकडे झाला तर प्लेट बसत नाही. फ्लायव्हीलच्या बोल्टची संख्या, स्टार्टरच्या रिंगचे दात आणि फ्लायव्हीलपासून डायफ्रॅमच्या (प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांपर्यंतची उंची हे सगळं टिपून घ्या. ही उंची बदलली तर रिलीज बेअरिंग एकतर पोचत नाही किंवा कायम टेकून राहतं. फोनवर ‘एस्टीमला बसेल का?’ असं विचारू नका. मापं सांगा आणि मापंच विचारा.

बसवताना

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग बदलून टाका. दोन्हींची किंमत त्या दिवसाच्या मजुरीपुढे काहीच नाही, आणि सीलमधून झिरपलेलं तेल नवी प्लेट एका सेशनमध्ये निकामी करतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. घासणारे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, ते तिच्यावर छापलेलं असतं. उलटी बसली तर हब बोल्टवर घासतो. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्तीचं कापडाने पुसून टाका. जुन्या क्लचची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि तोंडावर मास्क असू द्या.

रेसिंग क्लचला पेडल स्टॉप लागतोच. त्याचा डायफ्रॅम थोड्या हालचालीत सुटतो आणि त्यापुढे दाबत राहिलात तर बोटं वाकतात. एकच पुढचं चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या, इंजिन बंद, पहिला गिअर. एकाने उचललेलं चाक हाताने फिरवत राहायचं, दुसऱ्याने पेडल सावकाश दाबायचं. चाक मोकळं फिरू लागलं की तिथे खूण करा, पेडलला आणखी थोडी हालचाल द्या आणि तिथे स्टॉप आवळा. क्लच तापल्यावर सुटण्याची जागा सरकते, म्हणून पहिल्या सेशननंतर हेच पुन्हा तपासा.

पहिले दिवस आणि नंतरची नजर

ऑरगॅनिक प्लेटला जमायला वेळ द्या. रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर तीन-चारशे किलोमीटर सौम्यपणे चालवा, फक्त ट्रॅकची असेल तर पहिला सरावाचा दिवस स्टार्टविना काढा. सेरामेटॅलिकला हळूवार पाच-दहा वेळा घसरवून, प्रत्येक वेळी मधे थंड होऊ द्यायचं.

क्लच घसरतो का हे ओळखायला चौथ्या गिअरला २५०० आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण दाबा. आरपीएम वर चढले आणि वेग तिथेच राहिला, तर त्या दिवशीची शर्यत सोडून द्या. दर दोन-तीन इव्हेंटनंतर गिअरबॉक्स उतरला की प्लेटची जाडी व्हर्निअरने मोजा, रिवेट अस्तराच्या किती खाली आहे ते बघा, प्रेशर प्लेटवर पोलादी पट्टी आडवी धरून खाली उजेड दिसतो का ते पाहा. मी वहीत चार रकाने ठेवले आहेत: तारीख, ट्रॅक, किती स्टार्ट, प्लेटची जाडी. चार-पाच नोंदींतच तुमचा क्लच किती स्टार्ट टिकतो ते कळतं, आणि टेम्पोत सुटी प्लेट कधी टाकायची तेही.